मातीचे वकील

तेलगावात हंगाम म्हटला की तो गळिताचाच. लोकनेते सुंदरराव सोळंके साखर कारखान्याचं हे गाव; बॉयलर कधी पेटणार, ऊसतोडीच्या टोळ्या कधी हलणार, यावर इथलं अर्धं वर्ष मोजलं जातं. अशा गावात कुणी प्रो कबड्डीच्या तेराव्या हंगामाकडे डोळे लावून बसला, तर तो रिकामटेकडा ठरतो. असं ठरवणाऱ्या विद्वानांची कैफियत थोडक्यात अशी: कबड्डी मातीची होती, ती मॅटवर नेऊन मारली, दमाच्या जागी घड्याळ आलं, बैलबाजारासारखा माणसांचा लिलाव होतो, आणि ज्यात बीडचा संघच नाही त्या तमाशाशी बीडच्या माणसाचं देणंघेणं काय? (तमाशा हा शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्यांनी बहुधा तमाशाही धड पाहिलेला नसतो, पण ते असो.) मी हे जरा जास्तच थोडक्यात सांगितलं असेल; मूळ कैफियत याहून लांब आहे, खोल मात्र नाही.

मातीचं आधी पाहू, कारण हा मुद्दा त्यांचा लाडका आहे आणि माझाही. कोणती माती, हे एकदा ठरवा. काळ्या रानात कबड्डीचं मैदान आपोआप उगवत नाही; पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. चांगलं मैदान करायचं तर माती चाळावी लागते, शेणखत मिसळावं लागतं, पाणी मारून दाबावं लागतं. म्हणजे ज्या मातीच्या नावानं गळा काढला जातो, तीही माणसानं खेळासाठी बनवलेलीच असते. तीच गत परंपरेची. हुतूतू एक नव्हताच. बाद झालेला गडी संजीवनीत पुन्हा जिवंत व्हायचा, गामिनीत अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा आणि अमरमध्ये बाद होऊनही मैदानातच राहायचा. 1918 मध्ये साताऱ्यात या पसाऱ्याला नियमांची चौकट द्यायला सुरुवात झाली, 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं सुधारलेले नियम प्रसिद्ध केले, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं हा खेळ परदेशी प्रेक्षकांना दाखवला. यातली एकेक पायरी कालच्या खेळाला थोडंथोडं मोडूनच चढली गेली. हुतूतू हे घरचं नाव टाकून कबड्डी का घेतलं, हा वादही असाच जुना. आज तो उकरणारा माणूस औषधालाही सापडत नाही. मग परंपरेचा काटा नेमका आपल्या लहानपणीच्या मैदानावर कसा काय थांबतो? शिवाय हा खटला चुकीच्या आरोपीवर भरला आहे. लीग सुरू झाली 2014 मध्ये. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कबड्डी मॅटवरच खेळली गेली होती. मॅट महाग असते, गावातल्या पोरांना ती मिळत नाही, अनवाणी खेळणाऱ्या पायांना बुटांची सवय करावी लागते, हे सगळं मला मान्य. पण यावर उपाय गावात मॅट आणणं हा, की शहरातली उखडणं हा? मातीच्या वकिलांनी एखाद्या शाळेसाठी चार मॅट मागितल्याचं ऐकिवात नाही. त्यांना माती हवी आहे ती भाषणापुरती.

घड्याळाचं म्हणाल, तर दम आजही लागतो. तीस सेकंदांत कबड्डी-कबड्डी तुटलं तर चढाईपटू बादच होतो. गेलं आहे ते एवढंच, की आघाडीवरच्या संघानं निदान रेषा ओलांडून परत यायचं, पुन्हा ओलांडून परत यायचं आणि प्रेक्षकांनी जांभया द्यायच्या. आता दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणा, नाहीतर बाहेर बसा. परक्यांना डाव शिकवल्यामुळे 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण गेलं, हा आणखी एक आरोप. गेलं खरं, पुरुष उपांत्य सामन्यात हरले, महिला अंतिम सामन्यात, आणि दोन्ही वेळा इराणकडूनच. पण कायम आपणच जिंकावं म्हणून दुसऱ्याला शिकवायचंच नाही, हे खेळाचं तत्त्वज्ञान नव्हे, भाऊबंदकीचं आहे.

लिलावाचा मुद्दा बीडमध्ये काढायला मात्र फारच मोठं धाडस लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजणारा हा जिल्हा. मुकादमाची उचल घेतली की पुढचे पाच-सहा महिने फडातच जातात, आणि ती फिटता फिटता पुढचा हंगाम दारात उभा राहतो. लीगच्या दहाव्या हंगामात चढाईपटू पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांची बोली लागली. ती चारचौघांत लागली आणि तिचा आकडा सगळ्या देशाला कळला. उचलीचा आकडा कोणत्या पडद्यावर दिसतो? ज्यांना त्या बोलीची लाज वाटते त्यांना या उचलीची वाटलेली दिसत नाही.

राहिला बीडच्या संघाचा प्रश्न. संघ नाही, हे खरं. पण पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला आहे आणि सिद्धार्थ देसाई कोल्हापुरातल्या चंदगडकडचा. हे काही पुण्याच्या पेठांत वाढलेले गडी नव्हेत. मला तेराव्या हंगामाकडून हवं आहे ते साधंच आहे. दहावा हंगाम डिसेंबर ते मार्च चालला, अकरावा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे ऐन तोडणीत, जेव्हा कबड्डीवर जीव टाकणारी निम्मी पोरं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोप्यांवर असतात. बारावा 29 ऑगस्टला सुरू होऊन 31 ऑक्टोबरला आटोपला आणि 1 नोव्हेंबरपासून राज्यात गाळप सुरू झालं. हेच वेळापत्रक पुढंही ठेवा. आणि बाराव्यात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली इथंच सामने झाले. राज्याचे दोन संघ असताना राज्यात एकही नाही. एक टप्पा छत्रपती संभाजीनगरला आणला, तर तेलगावचा माणूस एसटीनं जाऊन पाहू शकेल. बाकी काळजी पुणेरीची आहे. चार हंगामांत तीनदा अंतिम फेरी, त्यात चषक एकच, दहाव्याचा. बाराव्याचा अंतिम सामना दबंग दिल्लीनं 31-28 असा काढला. एक सुपर टॅकल आणि एक बोनस मिळाला असता, तर बरोबरी होती.