वीज जाणवत नाही, बिल जाणवतं

मायक्रोकरंट थेरपीची रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. गुडघ्याला चिकटवलेल्या दोन चकत्या, शेजारी मोबाईलएवढं यंत्र आणि खाली आजारांची यादी. यादी गुडघेदुखी, कंबरदुखी, सायटिका अशी सुरू होते. मग मायग्रेन येतो, मग अर्धांगवायू, पार्किन्सन, फिट्स, कधी कधी मुलांमधला ऑटिझमसुद्धा. ती रील तुम्ही फॅमिली ग्रुपवर टाकता आणि खाली लिहिता, ‘आजीसाठी बघा.’

माझं भांडण यंत्राशी कमी आणि त्या यादीशी जास्त आहे. थोडं त्या फॉरवर्डशीही आहे. गुडघ्यापासून निघालेली यादी मेंदूपर्यंत पोचते कशी, हे विचारल्याशिवाय आपण ती पुढे पाठवतो. सातारा-सांगलीच्या माणसाला तर हे अजिबात शोभत नाही. का, ते पुढे सांगतो.

यंत्र करतं काय?

आधी यंत्राला त्याचं श्रेय देऊ. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ‘करंट लावतात’ तो बहुतेक वेळा टेन्सचा किंवा त्याच्या भावंडांचा असतो. त्यात मिलीअँपिअरमध्ये मोजता येईल असा प्रवाह असतो आणि त्वचेवर झिणझिण्या येतात. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, असं त्यांचं म्हणणं. टेन्समागची मूळ कल्पना ती आहे.

मायक्रोकरंट त्याहून खूप खाली चालतो. एका मिलीअँपिअरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रोअँपिअर. ही यंत्रं साधारण हजार मायक्रोअँपिअरच्या आत राहतात. एवढा प्रवाह बहुतेकांना जाणवतच नाही. म्हणजे यंत्र चालू आहे की बंद, हे पेशंटला कळत नाही. स्क्रीन झाकली तर लावणाऱ्यालाही कळणार नाही.

संशोधकासाठी हा गुण फार मोलाचा आहे. निम्म्या लोकांना चालू यंत्र लावा, निम्म्यांना बंद, आणि कुणाला काय लावलं ते कुणालाच सांगू नका. इतकी सोपी आणि प्रामाणिक चाचणी गोळ्यांचीसुद्धा होत नाही. तशा काही छोट्या चाचण्या झाल्यात. गुडघा आणि खांदा दुखण्यावर त्यांतल्या काहींमध्ये बंद यंत्रापेक्षा थोडा जास्त आराम दिसला आहे. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फिजिओथेरपिस्ट व्यायामाच्या जोडीला हे यंत्र लावत असेल, मोठी आश्वासनं देत नसेल आणि माफक पैसे घेत असेल, तर त्याच्यावर माझा राग नाही.

पण विकणाऱ्यासाठी तोच गुण सोन्याची खाण ठरतो. जे जाणवत नाही त्याबद्दल काहीही सांगता येतं.

उंदराची कातडी

ही थेरपी विकणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: ‘याने पेशींची ऊर्जा पाचशे टक्क्यांनी वाढते.’ या वाक्याचं मूळ १९८२ च्या एका प्रयोगात आहे. चेंग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या कातडीचे तुकडे घेऊन त्यांच्यातून सूक्ष्म प्रवाह सोडला. पेशींचं इंधन असलेलं एटीपी त्यात तीन ते पाचपट वाढलं. प्रवाह हजार मायक्रोअँपिअरच्या वर नेला की वाढ ओसरू लागली. प्रयोग खरा आहे, चांगला आहे. पण तो शरीरापासून वेगळ्या काढलेल्या कातडीवरचा आहे. तिच्यात मणका नव्हता, मेंदू नव्हता, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणणारा उंदीरही नव्हता. कातडीच्या तुकड्यातून थेट पार्किन्सनच्या पेशंटपर्यंत उडी मारायची असेल तर मधल्या प्रत्येक पायरीचा पुरावा लागतो. तो मागितला की बहुतेक वेळा एक व्हिडिओ मिळतो. त्यात एक काका रडत सांगत असतात की, ‘मला गुण आला.’

याच घराण्यातली ‘फ्रिक्वेन्सी स्पेसिफिक मायक्रोकरंट’ नावाची शाखा आणखी पुढे जाते. तिच्यात एक फ्रिक्वेन्सी आजाराची असते आणि दुसरी अवयवाची. दोन आकडे जुळवले की उपचार तयार. हे आकडे आले कुठून? पद्धतीचे प्रवर्तक स्वतःच सांगतात की कॅनडातल्या एका जुन्या दवाखान्यात १९२०च्या दशकातलं एक यंत्र होतं, त्याच्याबरोबरची ही यादी. त्या दशकात अमेरिकेत अशा यंत्रांचा सुळसुळाट होता. अल्बर्ट अब्राम्स नावाचे डॉक्टर तर रक्ताच्या थेंबाच्या ‘कंपनां’वरून निदान करत आणि उपचाराचं यंत्र भाड्याने देत. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने १९२३-२४ मध्ये त्यांच्या दाव्यांची तपासणी केली आणि त्यांत तथ्य नसल्याचा निष्कर्ष काढला. शंभर वर्षांपूर्वीच्या यादीत योगायोगाने काही खरंही असू शकेल. पण ती यादी ‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी’ म्हणून विकली जाते, तेव्हा निदान तिचं वय तरी विचारावं.

लाकडी कांड्या

‘पण गुण आला ना?’ हा प्रश्न खोडून काढता येत नाही, असं लोकांना वाटतं. त्याचं उत्तर इंग्लंडातल्या बाथ गावी १७९९ मध्येच मिळालंय. एलिशा पर्किन्स या अमेरिकन डॉक्टरने १७९६ मध्ये धातूच्या दोन छोट्या कांड्यांचं पेटंट घेतलं होतं. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या की शरीरातली त्रासदायक वीज निघून जाते, असा दावा. कांड्या तुफान खपल्या. जॉन हेगार्थ या डॉक्टरने तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या बनवल्या आणि सांधेदुखीच्या पाच पेशंटांवरून फिरवल्या. चौघांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी धातूच्या कांड्या फिरवल्या, तर निकाल जवळपास तोच.

ते चौघे खोटं बोलत नव्हते. दुखणं चढतं आणि उतरतं. माणूस उपचाराला जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं तरी बहुतेकदा ते थोडं उतरणारच असतं. त्यात कुणी आपुलकीने विचारपूस केली, हात लावला, अर्धा तास शांत झोपवलं की आणखी उतरतं. हा आराम खरा असतो. त्याचं श्रेय कशाला द्यायचं एवढाच प्रश्न आहे, आणि तो सोडवायला बंद यंत्राशी तुलना करण्याशिवाय मार्ग नाही.

दुखणं कुणाचं आहे?

इथे विवेकवादी माणसंही एक चूक करतात. मोफत थेरपीच्या केंद्रासमोरची रांग पाहून ती हसतात. त्या रांगेत कोण असतं ते बघा. पाटण-जावळीतून मुंबईला गेलेला आणि आयुष्यभर डोक्या-पाठीवर ओझी वाहून परत आलेला माथाडी कामगार. तासगावकडच्या द्राक्षबागेत मांडवाखाली हात वर करून दिवसभर विरळणी करणारी बाई. उसाच्या फडात मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणारा मजूर. या दोन जिल्ह्यांची साखर, बेदाणा आणि हळद ज्या सांध्यांवर उभी आहे, ते सांधे दुखतायत. हे दुखणं मनाचे खेळ नाहीत.

आणि त्यांना डॉक्टर काय देतो? सरकारी ओपीडीत दोन मिनिटं आणि एक गोळी. त्या दोन मिनिटांत ‘वयोमानाने होणारच’ असं ऐकवलं जातं. थेरपीवाला चाळीस मिनिटं देतो, ‘या मावशी, बसा’ म्हणतो, चहा विचारतो. मिरजेत १८९४ मध्ये वानलेसांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, कराडला कृष्णाचं हॉस्पिटल आलं, आता साताऱ्यातही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. दवाखान्यांची एवढी श्रीमंती असलेल्या पट्ट्यात जुनाट वेदनेच्या पेशंटला बसून बोलायला माणूस मिळत नसेल, तर त्याने यंत्राकडे जायचं नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं? थेरपीवाल्याचा धंदा वैद्यकाच्या या पोकळीवर चालतो. पण पोकळी खरी आहे म्हणून तिच्यात भरलेला माल खरा ठरत नाही.

‘करून बघायला काय जातं?’

पुष्कळ जातं. पायाला मुंग्या येतात, तळवे जळजळतात, ही तक्रार घरोघरी आहे. तिच्यामागे मधुमेह असू शकतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते. ती शाकाहारी घरांत सहज आढळते, आणि साध्या रक्ततपासणीत कळते. तिचं इंजेक्शन स्वस्त आहे. पण उपचार लांबला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. मुंग्या पायांकडून वर चढत जात असतील आणि ताकद जात असेल, तर ते गिया-बारे असू शकतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात त्याची साथ आली तेव्हा आपण ते नाव ऐकलं. तिथे तासांना किंमत असते. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. फिट्सच्या पेशंटने ‘आता थेरपी सुरू आहे’ म्हणून गोळ्या थांबवल्या तर ते जिवावर बेतू शकतं. वीस सीटिंगच्या पॅकेजमध्ये हा वेळ जातो.

मेंदूच्या आजारांवर वीज चालतच नाही, असं मी म्हणत नाही. पार्किन्सनच्या निवडक पेशंटांना मेंदूत खोलवर तारा बसवून उत्तेजन देतात, औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात गळ्यातल्या व्हेगस नसेला उत्तेजन देतात. पण त्याला पेशंटची निवड लागते, सर्जन लागतो आणि चाचण्यांचा ढीग मागे असतो. कानाला क्लिप लावून घरबसल्या ते होतं असं सांगणं म्हणजे त्या संशोधनाच्या नावावर उधारी करणं आहे.

‘अमेरिकेत एफडीए मान्य’ हाही असाच उधारीचा माल. अशी बरीच यंत्रं तिथे ‘आधीच बाजारात असलेल्या यंत्रासारखं आहे’ एवढ्या आधारावर विक्रीला मोकळी होतात. त्याचा अर्थ आजार बरा होतो असं कुणी तपासून सांगितलंय, असा होत नाही. आणि मायक्रोकरंटचा थोरला भाऊ जो टेन्स, तो कंबरदुखीवर देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. थोरल्याची ही गत, तर धाकट्याने मेंदूच्या गोष्टी करू नयेत.

कायदा आहे, तक्रार नाही

आता सातारा-सांगलीबद्दल. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाले, साताऱ्यात दवाखाना चालवला, आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. समितीचं वार्तापत्र सांगलीतून निघतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणारा त्या कायद्यात सापडतो. स्क्रीनवर आलेख दाखवणारा सापडत नाही, कारण त्याने भगवी कफनी न घालता पांढरा कोट घातलेला असतो. मांत्रिक विज्ञानाला नाकारतो. हा विज्ञानाची भाषा बोलतो, म्हणून शिकलेल्या पोरांना तो जास्त सहज फसवतो.

पण त्याच्यासाठी फार जुना कायदा आहे. ‘औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’, १९५४ चा. त्याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार, मज्जासंस्थेचे विकार, अर्धांगवायू, अपस्मार, संधिवात ही सगळी नावं आहेत, आणि ते बरे करण्याच्या जाहिरातीला मनाई आहे. कायद्यातली ‘औषधा’ची व्याख्या शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेल्या वस्तूलाही लागू होते. ‘जाहिराती’च्या व्याख्येत प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. १९५४ मध्ये रील नव्हती, पण प्रकाश आणि आवाज म्हणजे रीलच की. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. यंत्र कुणी बनवलं, परवाना क्रमांक काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. स्क्रीनशॉट काढायला दोन सेकंद लागतात. फॉरवर्ड करायलाही तेवढेच लागतात.

म्हणून पुढची रील आली की आजीला पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. या आजारावर, याच यंत्राची, बंद यंत्राशी तुलना झाली आहे का? आजाराचं निदान कुणी आणि कशावरून केलं? दहा सीटिंगनंतर फरक पडला नाही, तर यंत्र निरुपयोगी आहे असं तुम्ही म्हणाल, की ‘अजून दहा घ्या’ म्हणाल?

आणि आजीचं काय? तिला आधी नीट तपासून घ्या: रक्त, साखर, बी-१२. गुडघ्याच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हा आजही पहिल्या फळीचा उपचार आहे. तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि रोज संध्याकाळी तिच्याबरोबर बसून करा. थेरपीवाला जी चाळीस मिनिटं विकतो, ती तुमच्याकडे फुकट आहेत.