बी.ए. नंतर एम.बी.ए.: कुर्ल्याहून बीकेसीत शिरायचे ते कोणत्या दाराने?

सकाळी कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला बीकेसीच्या शेअर रिक्षांची रांग लागते. त्या रांगेत आपल्या वस्त्यांतली मुले-मुली रोज असतात. कोणी हाऊसकीपिंगला, कोणी सिक्युरिटीत, कोणी कुरिअरची बॅग पाठीला लावून. विचारले तर त्यांतले कित्येक जण बी.ए. झालेले निघतात. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, मराठी. रिक्षा जिथे सोडते तिथे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आहे, सेबीचे मुख्यालय आहे, मोठमोठ्या बँका आहेत. पदवीधर म्हणून तिथे आत बसणारा वर्ग आणि पदवीधर असून गेटवर पास तपासणारा आपला मुलगा यांच्यात नेमके काय आडवे येते, हा या लेखाचा विषय आहे.

निमित्त प्रवेशांचे आहे. सध्या नेहरूनगर, ठक्कर बाप्पा कॉलनी, चुनाभट्टीकडचे पालक आम्हाला एकच प्रश्न विचारत आहेत: मुलीने आर्ट्स घेतले तर मॅनेजमेंटचा रस्ता बंद होतो का? या भीतीला कारण आहे. २०२४ पासून बीएमएस, बीबीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. अनेक कॉलेजांनी मग आपल्या बीएमएसचे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केले. या गोंधळात ज्यांची सीईटी हुकली त्यांना वाटले की सगळेच हुकले.

तसे काही झालेले नाही. एम.बी.ए. किंवा मुंबई विद्यापीठाची एम.एम.एस. यांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्याच्या सीईटीला खुल्या वर्गासाठी पदवीला ५० टक्के आणि राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के गुण लागतात. आयआयएमच्या कॅट परीक्षेलाही अनुसूचित जातींसाठी ४५ टक्क्यांचीच अट आहे. शेवटच्या वर्षाला बसलेल्यांना दोन्ही परीक्षा देता येतात. काही आयआयएम तर इंजिनीअर नसलेल्या उमेदवारांना निवडीत थोडे जादा गुण देतात, कारण त्यांचे वर्ग इंजिनीअरांनी भरलेले असतात. बी.ए. म्हणजे कमीपणा ही समजूत आपल्या घरातली आहे, नियमातली नाही.

ही समजूत आली कुठून? आपल्याकडे बी.ए. ही एक तर स्पर्धा परीक्षेची पहिली पायरी मानली जाते, नाही तर सायन्स-कॉमर्स न झेपल्याची खूण. मुलगा बी.ए. करतो, मग अभ्यासिकेत बसतो, जाहिरातीची वाट पाहतो. पंचवीस उलटतात, अठ्ठावीस उलटतात. सरकारी नोकरीचा आग्रह चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. दोन पिढ्या त्याच आरक्षणाच्या नोकरीने चाळीतून बाहेर आल्या. पण सफाईपासून लिपिकापर्यंतची कामे कंत्राटावर गेली, आणि जी नोकरी कंत्राटी झाली तिथे आरक्षण उरत नाही. अभ्यासिकेतल्या सगळ्यांना पुरतील एवढ्या जागा निघणार नाहीत, हे आता स्पष्ट बोलायला हवे.

बाबासाहेबांचे नाव आपण या चर्चेत नेहमी कायद्याच्या बाजूने घेतो. त्यांच्या पदव्यांकडे पुन्हा पाहा. एल्फिन्स्टनमधून बी.ए. कोलंबियात मुख्य विषय अर्थशास्त्र आणि सोबत समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. आणि डी.एस्सी., आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ. १९१८ ते १९२० या काळात त्यांनी शिकवले ते सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात, आणि पुढे १९२५ पासून काही वर्षे हिशेबशास्त्राच्या एका शिक्षणसंस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले ते कला-विज्ञानाचे, पण १९५३ मध्ये वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे वेगळे सिद्धार्थ कॉलेजही काढले. समाज समजून घेणे आणि पैशाचा व्यवहार समजून घेणे ही दोन कामे त्यांनी कधी वेगळ्या कप्प्यांत ठेवली नाहीत.

यातली एक गोष्ट कमी सांगितली जाते. बडोद्याहून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी एक छोटी फर्म काढली होती. सुरुवात चांगली झाली. सल्लागार अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळले आणि ती बंद पडली. सल्ल्यात चूक निघाली नव्हती. कोलंबियात शिकलेल्या माणसाचे हे झाले.

नव्वद वर्षांनी काय बदलले होते, त्याचे उत्तर २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आलेल्या दोन अभ्यासांत मिळते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावांचा. दलित आडनावाच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावांपेक्षा कमी निघाली. दुसरा अभ्यास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा. त्यांनी एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे ते सांगत होते आणि त्याच मुलाखतीत हेही सांगत होते की उमेदवाराला आम्ही त्याची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ आवर्जून विचारतो. वडील काय करतात, कुठे राहता, घरात कोण शिकलेले आहे. कुर्ल्याच्या झोपडपट्टीतला मुलगा या प्रश्नापाशी अडखळतो आणि त्याला वाटते आपले इंग्रजी कमी पडले.

आता विचार करा, टेबलाच्या पलीकडे समाजशास्त्राची बी.ए. आणि एचआरची एम.बी.ए. केलेली आपली मुलगी बसली आहे. हा प्रश्न कशासाठी विचारला जातो हे तिला वर्गात शिकवलेले आहे आणि घरात भोगलेलेही आहे. मुलाखतीच्या फॉर्मवरून तो प्रश्न काढून टाकण्याचा अधिकार मात्र तिला बी.ए.ने मिळत नाही. तो खुर्चीने मिळतो. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे ही मागणी आपण सोडणार नाही. ती मान्य होईपर्यंत भरती करणाऱ्यांच्या खुर्च्यांत आपली माणसे किती, हाही प्रश्न आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांचा अर्थ कंपनीत रोज लावणार कोण? एचआर विभागच. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तो पैसा कोणत्या वस्तीत जाईल हे ठरवणाऱ्या बैठकीतही वस्ती माहीत असलेला माणूस क्वचित असतो.

कुर्ल्याला याचा एक जुना धडा आहे. एलबीएस मार्गावरच्या ज्या भागाला आपण अजून कमानी म्हणतो, तिथली कमानी ट्यूब्स मालकांच्या भांडणात आजारी पडली आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे गेली. देशभर कौतुक झाले. कामगारांना यंत्र माहीत होते, माल माहीत होता. तरी कंपनी पुन्हा बुडाली आणि देणी शंभर कोटींच्या वर गेली. अकोला जिल्ह्यातून आलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या कल्पना सरोज यांच्याकडे कामगार गेले. त्यांनी जाणकार माणसे जमवली, बँकांशी बसून व्याज-दंड कमी करून घेतले, २००६ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या आणि २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. हे उदाहरण ‘शिक्षणाशिवायही होते’ असे सांगायला वापरतात, ते आम्हाला पटत नाही. आम्हाला त्यात दिसते ते असे की मालकी हातात आली तरी ताळेबंद वाचणारा आणि माणसे सांभाळणारा कोणी लागतोच. अशी माणसे आपल्यातून तयार व्हायला दर वेळी कल्पनाताईंसारख्या एखाद्या विलक्षण बाईची वाट पाहत बसायचे का?

आता पैशाचे बोलू, कारण घरोघरी गाडी तिथेच अडते. खासगी कॉलेजात एम.बी.ए.ची फी लाखांच्या घरात जाते. सीईटी देऊन सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, जागा घेतली तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे, तीत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क येते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर. मात्र हाच प्रवेश संस्थास्तरीय कोट्यातून घेतला की यातले काही मिळत नाही. दर वर्षी आपली मुले इथेच फसतात. कॅपची पहिली यादी लागण्याआधी कुठून तरी फोन येतो, सीट संपत आली, आजच पन्नास हजार भरा. आई दागिने मोडते. एका मुलाच्या बाबतीत हे आम्ही जवळून पाहिले. त्याच्या सीईटीच्या गुणांवर कॅपमध्ये त्याला फ्रीशिपसह जागा मिळाली असती. आज तो पगारातून हप्ते फेडतो आहे.

शिष्यवृत्तीतली आणखी एक मेख अशी की केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो कॉलेजला भरायचा असतो. घरात आजारपण असले की तो पैसा खर्चून जातो, आणि मग निकाल अडवला जातो. खाते उघडतानाच घरच्यांशी हे बोलून घ्या. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्या मागेही सेकंड इयरपासून लागा. कॅटसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तो वेगळा काढावा लागतो. आयआयएममध्ये प्रवेश मिळाल्यास आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे, पण प्रत्येक संस्थेत तिच्या जागा मोजक्या असतात.

दोन्ही शिक्षणे एकत्र देणारे अभ्यासक्रमही निघाले आहेत. आयआयएम इंदूरने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या तीन वर्षांत गणित-संख्याशास्त्राबरोबर अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, साहित्य, आणि पुढची दोन वर्षे एम.बी.ए. नंतर रोहतक, रांची, जम्मू आणि बोधगया इथेही असे वर्ग निघाले. बोधगयेचे नाव निघाले की आपल्याला महाबोधी महाविहाराचे आंदोलन आठवते. त्याच गावात आयआयएम आहे आणि तिथेही अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण आहे, हे किती पालकांना माहीत आहे? अडचण प्रवेश परीक्षेची. इंदूरच्या परीक्षेत तीनपैकी दोन भाग गणिताचे, तिसरा इंग्रजीचा. महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला सतराव्या वर्षी हे अवघड जाते. त्याच्यासाठी साधी बी.ए. करून एकविसाव्या वर्षी सीईटी देणे अधिक शहाणपणाचे, असे आमचे मत आहे. तीन वर्षे तयारीला मिळतात.

आणि जवळच, हार्बर लाइनवर कुर्ल्याहून तिसऱ्या स्टेशनावर, गोवंडीला उतरून देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा म्हणून निघालेली. तिथला मनुष्यबळ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम कामगार कल्याणाच्या शिक्षणातूनच वाढला. सामाजिक शास्त्र आणि मॅनेजमेंट यांचा संबंध मुंबईत नवा नाही.

आजवरच्या पद्धतीनुसार राज्य सीईटीत २०० प्रश्न असतात. त्यांतले निम्मे तर्कबुद्धीचे, ५० इंग्रजीचे, आणि ज्याची आपल्याला धास्ती ते गणिताचे फक्त ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. गणित दहावीच्या पातळीचेच, वेळ मात्र कमी: दीडशे मिनिटे. म्हणजे रोज एक तास, दोन वर्षे, घड्याळ लावून सराव एवढीच गोष्ट आहे. कुर्ल्यातल्या बहुतेक बुद्धविहारांत अभ्यासिका आहे किंवा तिच्यासाठी जागा आहे. तिथे एमपीएससीची पुस्तके आहेत, टेबले आहेत, रात्री अकरापर्यंत दिवा असतो. त्यातलेच एक टेबल सीईटीला द्यायला काही खर्च नाही. बँकेत, आयटीत नोकरी करणारे आपले बांधव रविवारी वंदनेला येतात. वंदनेनंतर दोन तास गणित आणि इंग्रजी घ्यायला तयार असलेल्यांनी आपल्या विहाराच्या कमिटीकडे नाव द्यावे. एफ.वाय.ची मुले आधी बसवा. टी.वाय.च्या मुलांना सीईटीच्या अर्जाची तारीख सांगा, ती दर वर्षी थोडी पुढे-मागे होते.