मोटारीला पारदर्शक खोळ

आपण मराठी माणसे खोळीची मोठी भोक्ती. शाळेच्या पुस्तकाला तपकिरी कागदाचे कव्हर, रेडिओवर भरतकामाचा रुमाल, गादीला अभ्रा आणि अभ्र्यावर पुन्हा चादर. पाहुण्यांसाठी घेतलेला कोच पाहुणे येईपर्यंत झाकलेला, आणि पाहुणे आले की "असू द्या, मळेल" म्हणून तसाच! नव्या मोटारीच्या बैठकींवरचे कारखान्याचे प्लॅस्टिक वर्षभर न काढणारी कुटुंबे तर अमरावतीच्या राजापेठेपासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत हवी तेवढी सापडतील. तेव्हा मोटारीच्या रंगालाच घालायची पारदर्शक खोळ बाजारात आल्यावर तिचे आपल्याकडे स्वागत व्हावे, यात नवल ते काय?

या खोळीला 'पेंट प्रोटेक्शन फिल्म' किंवा नुसते 'पीपीएफ' म्हणतात. दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर गाडी नोंदवायला गेलेल्या वाचकांच्या कानांवर हे नाव पडले असेलच. कर्जाच्या कागदांवर सह्या चालू असतात, घरची मंडळी पेढ्यांच्या आणि हाराच्या विचारात असतात, मुले आत बसून हॉर्न वाजवीत असतात, आणि नेमक्या त्या घटकेला विक्रेता हळूच म्हणतो, "साहेब, एवढी आठ-दहा लाखांची गाडी घेताय, तिला फिल्म नको का? हप्त्यात थोडेच वाढतील." त्या घटकेला 'नको' म्हणायला मोठे धैर्य लागते आणि 'हो' म्हणायला मोठे उत्पन्न! म्हणूनच कोणत्या गाडीला ही फिल्म खरोखर लाभते आणि कोणत्या गाडीला ती नुसता डामडौल ठरते, याचा विचार शोरूमची पायरी चढण्यापूर्वी, घरी चहा घेताना झालेला बरा.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पॉलियुरेथेन नावाच्या लवचिक द्रव्याचा हा पातळ, पारदर्शक पापुद्रा. त्याची जाडी साधारणपणे १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. पण मोटारीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन भरते. एवढ्याशा कवचावर आपण सारी ऐट मिरवीत असतो! व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरांची पाती वाळूने आणि खड्यांनी झिजत, त्यांच्या रक्षणासाठी अशा फिल्मचा उपयोग सुरू झाला. पुढे ती शर्यतीच्या मोटारींवर गेली आणि तेथून तुमच्या-आमच्या दारात आली.

रबर जसे आघात सोसून पुन्हा पूर्ववत होते, तसे या फिल्मचे काम चालते. खडा आदळला की त्याचा मार फिल्म आपल्या अंगावर पसरून घेते आणि खालच्या रंगाचा टवका उडू देत नाही. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरावर बारीक चरे पडले तर ते उष्णतेने आपोआप भरून येतात. ४५ अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या वऱ्हाडाला या उन्हाचा एकदा तरी फुकट उपयोग झाला म्हणायचा! मात्र दुसऱ्या गाडीची धडक, पत्र्याला पडलेला पोचा किंवा व्रात्य मुलाने खिळ्याने कोरलेले नाव, यांपुढे फिल्मचे काही चालत नाही.

आता खडे येतात कोठून? अमरावती-अकोला हा रस्ता पिढ्यान् पिढ्या वऱ्हाडाच्या जिव्हाळ्याचा आणि तक्रारीचा विषय. कित्येक वर्षे रखडलेल्या या महामार्गावर २०२२ सालच्या ३ ते ७ जून या दिवसांत लोणी ते माणा या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीचा एका पदरी डांबरी थर अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत घालण्यात आला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आपल्या रस्त्याचे नाव जगभर झाले, ही अभिमानाचीच गोष्ट. पण गुळगुळीत रस्त्याची एक खोड असते. त्यावर गाडी पळते. खड्याचा मार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटरने जाताना तोच खडा चौपट जोराने लागतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा आहे, तेथे हा हिशेब नऊपटीवर जातो. पूर्वी खड्डे कमरेला लागत, आता खडे बॉनेटला लागतात, एवढाच काय तो फरक!

यावरूनच पहिल्या मानाची गाडी कोणती ते ठरते. ती गाडी किमतीने सर्वांत मोठी असेल असे नव्हे. जिचे मालक रोज किंवा आठवड्यातून चार दिवस महामार्गावर असतात, अमरावतीला घर आणि अकोल्याला नोकरी असा ज्यांचा संसार आहे, जे डॉक्टर किंवा वकील मूर्तिजापूर, अकोट, दर्यापूर अशी फेरी करतात, त्यांच्या गाडीला फिल्मचा लाभ सर्वांत जास्त. तीदेखील सबंध गाडीला नको. बॉनेट, पुढचा बंपर, पुढचे मडगार्ड, आरशांच्या पाठी आणि चाकांमागचा दाराखालचा पट्टा, एवढे मढवले की बहुतेक खड्यांचा बंदोबस्त होतो. त्यातही बॉनेटला अग्रमान द्यावा. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे त्याचा रंग उडाला तरी तो गंजत नाही. बॉनेट बहुधा पोलादी पत्र्याचे असते, आणि पत्र्यापर्यंत उडालेल्या टवक्यात एक पावसाळा मुरला की गंज घर करतो.

दुसरा मान मेळघाटात जाणाऱ्या गाडीचा. चिखलदऱ्याच्या घाटात वा धारणी-सेमाडोहकडच्या आडवाटांवर समोरून एस.टी. आली की गाडी कडेला घ्यावी लागते, आणि बाभळी-बोरीच्या फांद्या दारांवर आपली सही करून जातात. अशा गाडीला पुढच्या भागापेक्षा दोन्ही बाजूंची फिल्म अधिक उपयोगी. वर्षातून एकदा मुलांना चिखलदरा दाखवायला नेणाऱ्यांनी मात्र हा खर्च करू नये. तेवढ्यापुरते गाडी सावकाश हाकणे स्वस्त पडते.

तिसरा मान रंगाचा. काळी, गडद निळी किंवा गडद लाल गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की पांढऱ्या गाडीवर न दिसणारा चरा त्याच्या गाडीवर दहा पावलांवरून दिसतो. मोत्यासारख्या झाकेचे, अनेक थरांचे रंग तर असे हट्टी, की एक दार पुन्हा रंगवले की ते शेजारच्या दाराशी जुळता जुळत नाही. सर्वांत नाजूक तो 'मॅट' म्हणजे बिनचकाकीचा रंग. त्यावर पॉलिश मारून चरे घालवायला गेले तर तेवढाच भाग चकाकू लागतो आणि आजारापेक्षा औषध वाईट ठरते. अशा गाडीला मॅट फिल्म पहिल्याच महिन्यात बसवणे शहाणपणाचे.

आणि चौथा मान, वाचकहो, दुचाकीचा! घरात मोटार असो वा नसो, दुचाकी असतेच. मोटारसायकलच्या टाकीवर गुडघ्यांची घासट, पेट्रोलचे थेंब आणि बॅगेच्या बकलाचे ओरखडे नित्याचे. टाकीपुरती फिल्म मोटारीच्या खर्चाच्या मानाने किरकोळ रकमेत बसते. मोटारीतही दारांच्या मुठींमागची वाटी, जेथे बांगड्या आणि नखे लागतात, आणि डिकीचा उंबरठा, जेथे सामान घासते, एवढ्याच जागा झाकल्या तरी थोडक्या पैशांत बरेच काम होते.

आता उलट बाजू पाहू. गावातल्या गावात शाळा, बाजार आणि देऊळ करणारी पांढरी छोटी गाडी. भाड्याने चालणारी गाडी. तीन-चार वर्षांत विकायचीच असे ठरवून घेतलेली गाडी. आणि आधीच चऱ्यांनी भरलेली जुनी गाडी, यांना फिल्म नको. जुन्या चऱ्यांवर फिल्म बसवली की ते चरे काचेखाली ठेवल्यासारखे कायम दिसत राहतात. वडिलांच्या आठवणीखातर जपलेली फियाट किंवा ॲम्बेसेडर असेल तर अधिकच जपावे. तिच्यावर गॅरेजमध्ये दिलेला रंग जुना आणि ठिसूळ झालेला असला, तर पुढे फिल्म काढताना तिच्याबरोबर रंगाची सालही निघण्याची भीती असते.

वऱ्हाडची एक खास अडचण सांगायची राहिली. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्या परिचयाचा आहे. त्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली की थेंब वाळतात आणि क्षारांचे पांढरे ठिपके रंगाला चिकटतात, पुढे पुढे रंगात उतरतातही. फिल्म असली तर ते रंगाऐवजी फिल्मवर बसतात, पण बसतात खरेच! तेव्हा शेवटची बादली गोड्या पाण्याची, धुणे सावलीत आणि मऊ कापडाने लगेच पुसणे, याला फिल्म हा पर्याय नव्हे. त्याचप्रमाणे सकाळी उठून कोरड्या फडक्याने गाडी झटकण्याची जी आपली रीत आहे, तिने काळ्या मातीची धूळ रंगावर घासली जाते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे उमटतात. धुळकट गाडीवर कापडी आच्छादन घातले की वाऱ्याने तेच होते. ही मोडायला पैसा पडत नाही, सवय मात्र बदलावी लागते. ती फिल्मपेक्षा अवघड!

आता जमाखर्च. चांगल्या प्रतीच्या फिल्मने सबंध गाडी मढवायची तर खर्च लाखाच्या घरात सहज जातो. नुसत्या पुढच्या भागाला त्याचा तिसरा-चौथा हिस्सा पुरतो. उलट एखादे बॉनेट पुन्हा रंगवून घेणे काही हजारांत होते. एका रंगारी मिस्तरींनी आम्हांला सरळच विचारले, "रंग वाचवाले रंगाहून जास्त पैसे काहून घालता बाप्पा?" प्रश्न बिनतोड आहे, पण त्याला एक उत्तर आहे. कारखान्यात कोऱ्या सांगाड्यावर दिलेला रंग १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का करतात. पुढे गाडीत रबर, प्लॅस्टिक, तारा बसल्यावर कोणतेही गॅरेज तितकी आच देऊ शकत नाही. म्हणजे मूळ रंग एकदा गेला की गेला. ज्याला गाडी दहा-बारा वर्षे वापरायची आहे, त्याच्यासाठी हा मूळ रंग जपणे ही बचत आहे. ज्याला ती लवकर विकायची आहे, त्याने जुन्या गाडीच्या बाजारात फिल्मचे पैसे परत मिळतील ही आशा धरू नये.

आठ लाखांच्या गाडीवर लाखाची फिल्म म्हणजे किमतीचा आठवा हिस्सा, आणि तोही व्याजासह हप्त्यांत. तेवढ्यात मुलीच्या कॉलेजची एक वर्षाची फी भागत असेल, तर चराच परवडला असे म्हणायला लाज कसली?

घ्यायचेच ठरले तर चार गोष्टी विचारून घ्या. फिल्म पॉलियुरेथेनचीच आहे ना? पीव्हीसीची स्वस्त फिल्म आपल्या उन्हात पिवळी पडते आणि कडक होते. हमी लेखी आहे ना, आणि ती फिल्म बनवणाऱ्याची की नुसती दुकानदाराची? तुकडे यंत्रावर आधीच कापलेले आहेत, की गाडीवर ठेवून ब्लेडने कापणार? ब्लेड थोडे जास्त दाबले तर रंग वाचवायला आलेली फिल्मच रंग चिरून जाईल. आणि काम बंद, धूळरहित खोलीत होणार ना? 'सिरॅमिक कोटिंग' नावाच्या द्रवाला कोणी फिल्मचा भाऊ म्हणून पुढे केले, तर त्याचा थर अगदीच पातळ असतो हे लक्षात असू द्या. त्याने गाडी धुणे सोपे होते, खडा अडत नाही. एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवतो. ही पारदर्शक फिल्म पत्र्यावरची आहे. तिचा काचांवरच्या काळ्या फिल्मशी संबंध नाही. त्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. रंगीत फिल्म लावून गाडीचा रंगच बदलायचा असेल, तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी.

तात्पर्य, फिल्म गाडीच्या किमतीकडे पाहून घेऊ नये, तिच्या वाटेकडे आणि तिच्या आयुष्याकडे पाहून घ्यावी. तुमची गाडी एम.एच. २७ असो वा एम.एच. ३०, ती वर्षातले किती दिवस महामार्गावर असते आणि तुम्ही ती किती वर्षे ठेवणार, या दोन प्रश्नांची उत्तरे शोरूममध्ये जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून खिशात ठेवा. विक्रेता बोलू लागला की तो कागद काढून वाचा. आणि गाडी घरी आली की पहिल्या दिवशी बैठकींवरचे ते प्लॅस्टिक तेवढे काढून टाका. बसायला घेतली आहे ना?