वाढलेले वय आणि राहिलेले अक्षर

दिवाळीच्या सुमारास बीडमधून निघालेले ऊसतोड कुटुंब पाडव्याच्या आगेमागे गावी परतते. तोवर मुलाचे वय वाढलेले असते. अक्षर होते तिथेच राहिलेले असते. अशा दहा वर्षांच्या मुलाला कुठे बसवावे? पहिलीत बसवले तर सहा वर्षांच्या पोरांत त्याला लाज वाटते व तो शाळा सोडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने चौथ्या कलमात त्याला वयानुरूप वर्ग दिला, हे योग्यच झाले. पण त्याच कलमातला विशेष प्रशिक्षणाचा हक्क विसरला, की चौथीचे पुस्तक पुढ्यात आणि बाराखडी कच्ची, अशी त्याची कोंडी होते.

अर्थशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून हिशेब मांडतो. सहाव्या वर्षी मूल शाळेत गेल्याने घरचे उत्पन्न बुडत नाही. अकराव्या वर्षी मात्र त्याच्या हातांना फडात मोल येते. मुलगी असेल तर धाकटी भावंडे तिच्या कडेवर असतात. अक्षराला झालेला प्रत्येक वर्षाचा उशीर गरिबाला असा महाग पडतो. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते!

तेव्हा रोज तासभर तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेने नव्हे, वाचनाच्या पातळीने बसवावीत. ‘प्रथम’ संस्थेने हे करून दाखवले आहे. मोठ्या मुलाचे अक्षर कच्चे असले तरी शब्दभांडार मोठे असते. कोयता, मोळी, उचल या शब्दांपासून त्याचे वाचन सुरू करता येईल. गळीत हंगाम संपताच आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या शाळांत जाऊन, विशेष वर्ग कधी सुरू होणार, हे लेखी विचारावे.