वास येतो

ईद जवळ आली की कुठून ना कुठून फोन येतो. ‘शीरखुर्म्याच्या आठवणींवर काहीतरी द्या ना, सातआठशे शब्द.’ फोन करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मीही पूर्वी लिहून द्यायचो. खारीक, चारोळी, तुपात परतलेल्या शेवयांचा वास, अब्बांचं अत्तर, नव्या कुर्त्याची कडक घडी. लेख छापून यायचा, ‘तोंडाला पाणी सुटलं’ असे निरोप यायचे. दोन वर्षांपासून मी नाही म्हणतो. शीरखुर्मा आमच्या घरी वर्षातून एकदा व्हायचा. बाकीचं वर्ष घराला वास असायचा तो तंबाखूचा.

अम्मी बिड्या वळायची. सोलापूरकरांना हे फार समजावून सांगावं लागत नाही. तिथे तेलुगू, मराठी, मुसलमान, कुठल्याही गल्लीत जा, उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसायच्या. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजारावर. नीट वळली नाही म्हणून कारखान्यात बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. ओल्या पानांचा तो वास मला अजून नेमका सांगता येत नाही. पावसात भिजलेल्या पालापाचोळ्यासारखा, पण त्याला खालून तंबाखूची एक कडवट धार. माझ्या वह्यांना तो होता, गोधडीला होता, अम्मीनं भरवलेल्या प्रत्येक घासाला होता. रोजे असले तरी सूप सुटत नसे. तंबाखूची धूळ नाकात जाते, तर रोजा मकरूह होतो का, यावर गल्लीतल्या बायकांची दर रमजानला चर्चा व्हायची आणि हात चालूच असायचे.

अब्बा चादरीच्या कारखान्यात मागावर. त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस घरी हळू बोललेलं ऐकू शकत नाही. पुण्यात मी फोनवर बोलायला लागलो की लोकांना वाटतं भांडण चाललंय. मला मात्र एखाद्या गल्लीतून यंत्रमागाचा आवाज आला की झोप येते. शाळेतून आल्यावर मी कारखान्याच्या पायरीवर डबा घेऊन बसायचो आणि तिथेच डोळा लागायचा. तोच आवाज माझी अंगाई होती, असं म्हणायला हरकत नाही.

वासाचं शरीरशास्त्र म्हणतात ते मला थोडंसं वाचून माहीत आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबून पुढे जातं. वास त्या नाक्यावर न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोहोचतो. म्हणून वास आधी येतो आणि ‘हे कुठलं बरं?’ हा प्रश्न मागाहून. इतपत ठीक. पण कोणत्या वासाची आठवण काढायची आणि कोणत्या वासाची लाज बाळगायची, हे शरीरशास्त्र ठरवत नाही.

अब्बांच्या अत्तराचंच बघा. फक्त ईदला आणि जुम्म्याला वापरायची एक बारकी कुपी होती. अत्तराचं नाव ‘मिट्टी’. कापसाचा फाया कानाच्या पाळीत अडकवायचे. शाळेत माझा एक मित्र म्हणाला होता, तुम्हा लोकांची अत्तरं फार उग्र असतात. हाच मित्र जूनमध्ये पहिल्या सरीनंतर वर्गाच्या खिडकीशी उभा राहून डोळे मिटून श्वास घ्यायचा, मृद्गंध मृद्गंध म्हणत. सोलापुरात पाऊस कमी, त्यामुळे त्या वासाचं कौतुक जास्त. अब्बांच्या कुपीत नेमकं तेच होतं. उत्तर प्रदेशात कनौजला भाजलेली माती तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर तापवतात, वाफ नळीतून खाली भपक्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मातीचा वास मुरतो. 1964 साली ‘नेचर’मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पावसाच्या या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. त्यांच्या त्या लेखातही आपल्याकडच्या या मिट्टी अत्तराचा उल्लेख आहे. म्हणजे ऑस्ट्रेलियापर्यंत कळलं. आमच्या वर्गात मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर काही ते कळलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आवाजांच्या बाबतीत आपण जरा उदार असतो. पहाटे आकाशवाणी सुरू होण्याआधी वाजणारी ती धून ऐकली की पन्नाशीच्या पुढचा कुठलाही मराठी माणूस चहाच्या वासासकट लहानपणात जातो. मीही जातो, आमच्याकडे तेव्हा अब्बांची पहिल्या पाळीची घाई चालू असायची. ती धून बांधली वॉल्टर कॉफमन यांनी, 1936 साली. युरोपातल्या ज्यूंवर दिवस फिरले तेव्हा ते मुंबईला आले होते. ‘ही धून आपली की बाहेरची?’ असं कुणी कधी विचारलं नाही. फोडणीला मात्र विचारतात.

बारा वर्षांपूर्वी पुण्यात भाड्याचं घर शोधत होतो. एजंट आधी नाव विचारायचा, मग थोडा थांबायचा, मग म्हणायचा, ‘मालकांना वासाचा त्रास होतो.’ मी काय शिजवतो हे विचारायच्या आधीच वास पोहोचलेला असायचा. ज्यांना मांसाहाराचा वास खरोखर सहन होत नाही अशी माणसं आहेत, हे मला मान्य आहे. माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्यासमोर मी तो डबा उघडत नाही. सुकट भाजणाऱ्या माझ्या मालवणी मित्रालाही शेजारी बोलतात. पण त्याला भाजल्यावर बोलतात. हा फरक छोटा नाही.

शेवटी एका मालकानं काहीही न विचारता घर दिलं. अब्बा गेल्यावर अम्मी आमच्याकडे राहायला आली. दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी दारात. ‘मटणाचा वास येतोय, तक्रार आहे.’ गॅसवर आंबट चुक्याची डाळ होती, नुकतीच लसूण आणि लाल मिरचीची फोडणी दिलेली. मी भांडं उघडून दाखवलं. गृहस्थ सज्जन होते, ओशाळले. ‘तक्रार आली की यावं लागतं हो,’ म्हणाले आणि गेले. मला वाटलं विषय संपला.

अम्मीसाठी तो संपला नाही. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायला लागली. मे महिन्यातसुद्धा. फोडणी दिली की खोकत बाहेर यायची. मी खिडकी उघडली की म्हणायची, ‘नक्को रे, लोगां को तकलीफ कायकू.’ मी चिडायचो, मोठ्यानं बोलायचो, आणि मग तीच मला हळू बोल म्हणायची.

चिडण्याचा हक्क मला कितपत होता, हा प्रश्न आहे. आठवीत असताना शाळेत पालकसभा होती. अम्मी काम तसंच टाकून आली. बुरख्याला, हातांना तंबाखूचा वास. माझ्या बाकाजवळ ती उभी राहिली आणि मी दोन पावलं सरकलो. एवढंच. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. घरी जाताना ती काही बोलली नाही, रात्री मात्र मोरीत बसून बराच वेळ हातांना लिंबू चोळत होती. पुढच्या सभेला तिनं अब्बांना पाठवलं. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून. सेक्रेटरी आमच्या दारात यायच्या पुष्कळ आधी ती खिडकी मी लावली होती.

म्हणून त्या ईदच्या लेखांचा मला आता कंटाळा येतो. मराठी वाचकाला मुसलमानाच्या घरातला चांगला वास हवा असतो, आणि आम्हीही तो हौसेनं पुरवतो. बिर्याणी, शीरखुर्मा, अत्तर, लोबान. सगळं सणासुदीचं, सगळं पाहुण्यांसमोर मांडण्यासारखं. दिवाळीच्या लेखांत उटणं आणि चकलीची भाजणी असते, तसंच. पण त्यांच्या अंकांत निदान वर्षभर कुणीतरी मऊ भात-मेतकुटावर, शेणानं सारवलेल्या अंगणावर लिहीत असतं. आमच्या रोजच्या घराचा वास कुणी मागत नाही, आणि कुणी मागितलाच तर आम्ही आधी लिंबू चोळतो. गरिबीचा वास, कामाचा वास हा धर्माच्या खात्यात कसा जमा झाला हे मला कळत नाही. सोलापुरात आमच्या आणि शेजारच्या तेलुगू घराचा वास अगदी एक होता. दोन्हीकडे पानं भिजत होती.

अम्मीला जाऊन चार वर्षं झाली. मागच्या रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी मी मुलाला सहज विचारलं, दादीच्या खोलीला कसला वास यायचा आठवतो का? त्यानं विचार केला आणि म्हणाला, रूम फ्रेशनरचा. बरोबर आहे. तो अम्मीच मागवायची.

गेल्या महिन्यात सोलापूरला गेलो होतो. स्टेशनबाहेरच्या टपरीवर बिडीचं एक बंडल घेतलं. मी बिडी ओढत नाही. टपरीवाल्यानं काडेपेटी पुढे केली, ती परत केली. बंडल घरी आणून कपाटात कपड्यांच्या घडीवर ठेवलं. बायको म्हणाली, अहो, सगळ्या कपड्यांना वास लागेल. लागू दे म्हटलं.