रस्ता सोडून जाणाऱ्यांनो

'अस्पर्श किनारा' हा शब्द ज्यानं काढला त्याला आमचा कोपरापासून नमस्कार. दर शनिवारी पहाटे ठाण्याहून जीपगाड्यांचा ताफा निघतो तो या अस्पर्श किनाऱ्याच्या शोधात. घोडबंदर रोडच्या टॉवरांतून, डोंबिवलीच्या कॉम्प्लेक्सांतून निघायचं. पनवेल, पेण, माणगाव, महाड मागे टाकून मंडणगड-दापोलीकडं उतरायचं. तिथं डांबर सोडायचं. खडकातून, चिखलातून, ओल्या वाळूतून गाडी घालायची, मोबाईलवर फिल्म काढायची, रविवारी रात्री घरी. याला ऑफरोडिंग म्हणतात. आता आपलीही पोरं यात निघालीत. सेकंडहँड जीप, बँकेचं कर्ज, काचेवर 'जय भीम'. म्हणून हे लिहितो.

आधीच सांगतो, पोरांनी गाडी घेतली याचा मला आनंद आहे. 'बाबासाहेबांच्या पोरांना चैन शोभत नाही' असं सांगणारे कीर्तनकार आपल्यातही आहेत. त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही. चाक कुणाच्या हातात, हा आपल्याकडं चैनीचा प्रश्न नव्हताच कधी. १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव भावंडाभाच्यांसोबत मसूर स्टेशनावर उतरला, बापाला भेटायला गोरेगावला जायचं म्हणून. जात कळली आणि एक गाडीवाला तयार होईना. शेवटी सौदा ठरला तो असा : भाडं दुप्पट, बैल पोरांनी हाकायचे, गाडीवाला बाजूनं पायी चालणार. १९२९ साली चाळीसगावात तेच. तोवर हा माणूस बॅरिस्टर झालेला, सरकारी कमिटीवर आलेला. तरी महाराला बसवून टांगा हाकायचा म्हणजे टांगेवाल्याला कमीपणा. टांगा भाड्यानं मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्याच एका माणसानं कधी न धरलेला लगाम धरला, टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा स्टिअरिंग धरा, बेलाशक धरा. लायसन काढा, पोरींनाही शिकवा.

सहलीचंही तसंच. १९३४ साली बाबासाहेब आणि चळवळीतले कार्यकर्ते बस करून दौलताबादचा किल्ला बघायला गेले. धुळीनं भरलेले हातपाय दाराजवळच्या टाक्यात धुतले, तर शिव्यांचा भडिमार झाला, मारामारीची पाळी आली. किल्ला बघायला मिळाला तो पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन. म्हणजे फिरायला जाणं हाही आपला लढून घेतलेला हक्क आहे. तो सोडू नका.

माझं भांडण गाडीशी नाही. भांडण आहे त्या 'अस्पर्श' शब्दाशी आणि त्यामागच्या नजरेशी.

अस्पर्श म्हणजे कुणाचा हात न लागलेला? हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव होतो. कोळणी किनाऱ्यावर म्हावरं वाळवतात. खाडीच्या कडेला मुसलमान मोहल्ले आहेत, गावाच्या टोकाला बौद्धवाडी आहे. याच मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचं मूळ गाव. एवढी माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथं राबतात तो किनारा यांच्या लेखी अस्पर्श! याचा अर्थ एकच : ज्यांचा हात लागला ती माणसं यांच्या हिशेबात माणसंच नाहीत. हे गणित आपल्याला नवीन आहे का? चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि तळं शुद्ध होतं. २० मार्च १९२७ ला माणसानं ओंजळ भरली आणि ते बाटलं. तुमचा ताफा त्याच महाडवरून भरधाव जातो. ब्रेक लागतो का कधी?

वाळूही रिकामी नाही. वेळासच्या किनाऱ्यावर कासविणी रात्रीच्या येऊन अंडी पुरतात. पिल्लू बाहेर येतं आणि पाण्याकडं धावतं. टायरच्या चाकोरीत पडलं की त्याला वर चढता येत नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्याला १९९१ पासून किनारा नियमनाचा कायदा आहे, कासवाला १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. पण कायदा असतो लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बाईसाठी. जीपवाल्यासाठी ॲडव्हेंचर असतं.

आणि ॲडव्हेंचर तरी कसलं? २०२४ सरता सरता रेवदंड्याच्या वाळूत फेरारी रुतली. शेवटी ती बैलगाडीनं ओढून काढली. गाडीचं नाव साऱ्या देशाला कळलं. बैलवाल्याचं तुम्हाला ठाऊक आहे का?

रस्ता सोडायची हौस त्यालाच येते ज्याच्या दारात रस्ता येऊन थांबलेला असतो. ज्याच्या दारात तो आलाच नाही, त्याचं ऑफरोडिंग रोजचं. आपल्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका आहे. भातसा, तानसा तिथलीच. मुंबईचे नळ त्यांच्यावर चालतात, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. पावसाळ्यात बाळंतीण अडली की बांबूला गोधडी बांधून झोळी करतात, चिखलातून, ओढ्यातून माणसं ती खांद्यावर नेतात. तिथं ना टायर, ना फिल्म, ना शाबासकी. आणि शहरात काय मोठं सोनं लागलंय? २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी माणसं मारली. ती ऑफरोडला नव्हती गेली. कामावर निघाली होती, घरी परतत होती.

म्हणून मित्रांनो, त्यांच्या मागून जाऊ नका. त्यांचा शब्द उचललात तर त्यांची नजरही आलीच. मग आपल्याच बापजाद्यांचा मुलूख तुम्हाला निर्मनुष्य दिसायला लागेल, आणि काचेवरचा 'जय भीम' नुसता स्टिकर होईल.

किनाऱ्यावर जा. गाडी सुरूच्या बनाअलीकडं उभी करा, वाळूत पायी उतरा. महाडला थांबा, आंबडव्याला जा. बौद्धवाडीत शिरा, पाणी कुठून येतं, मसणवट्याला वाट आहे का, विचारा. चार चाकं खडकावर चढवायची एवढीच खुमखुमी असेल तर एक शनिवार शहापूरच्या पाड्यावर न्या. वाट कुठं संपते ते बघा, फिल्म काढा, पाड्यातल्या माणसांना पुढं घालून सोमवारी तहसीलदाराच्या टेबलावर ठेवा. रस्ता होईपर्यंत जात राहा.

आपल्या बापजाद्यांना गावानं रस्त्याच्या कडेला ठेवलं. आपण रस्ता मागायचा, रस्ता बांधून घ्यायचा. तो सोडायची चैन ज्यांना परवडते त्यांना ती लखलाभ.