'रेकॉर्डिंग बघ ना रे!'

परवा ठाण्याला जाताना डोंबिवली स्लोमध्ये स्टॅटिक-एक्सचा 'विस्कॉन्सिन डेथ ट्रिप' पुन्हा ऐकला. १९९९ चा, त्यांचा पहिलाच अल्बम. गिटार अशी की शेडमध्ये प्रेस मशीन चालू आहे, आणि खाली चक्क डिस्कोचा ठेका! बँडवालेच त्याला 'ईव्हिल डिस्को' म्हणायचे. एमआयडीसीजवळ वाढलेल्या माणसाला हा आवाज परका वाटणारच नाही.

पण मुद्दा वेगळाच आहे. पुढच्याच वर्षी, २००० साली, मुंबईत साहिल मखिजाच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा पहिला अल्बम आला, 'डेमनस्टीलर'. इंडस्ट्रियल नव्हे, पण मेटलच. तिकडे पाठीशी वॉर्नर ब्रदर्स, इकडे सगळा घरचाच मामला. साउंड कच्चा आहे, मान्य. पण आमच्या ग्रुपमध्ये तो लावला की पहिली कमेंट ठरलेली, "रेकॉर्डिंग बघ ना रे!" मीही हसलोय त्यात, खोटं कशाला बोलू? स्टॅटिक-एक्सच्या वेळी मात्र खरखर आली की तोच 'रॉ साउंड' होतो!

मखिजाने पुढे स्वतःचं लेबल काढलं, २०१० मध्ये बँड नॉर्वेच्या इन्फर्नो फेस्टिव्हलला वाजवून आला. हे सांगितलं की मित्रांचा सूर लगेच बदलतो. "अच्छा? मग चांगले असणार." म्हणजे कान आपले, पण शिक्का ऑस्लोचा लागतो. मला याचाच जास्त राग येतो.

असो. येत्या शनिवारी कल्याणला जाताना पूर्ण अल्बम लावणार आहे. कमेंटा गाडीतून उतरल्यावर.